चॉकलेटचा डबा कुणाच्या ताब्यात?

प्रश्न एका आईचा आहे, थोडक्यात असा: "मुलगा १५ वर्षांचा, मुलगी १२ वर्षांची. सणाच्या सुट्टीत दोघांना चॉकलेट आणि मिठाईचे भरपूर डबे भेट मिळाले. मी दिवसाला दोन असा नियम केला. मुलगा म्हणतो, 'मला मिळालंय, माझं आहे.' नवरा म्हणतो, सणाचे चार दिवस आहेत, सोडून दे. काल मुलीच्या गादीखाली आठ-दहा रिकामे कागद सापडले. एवढ्या मोठ्या मुलांवर मर्यादा घालायची की नाही? घालायची तर किती?"

गादीखालच्या कागदांपासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे. आठ-दहा चॉकलेटांनी १२ वर्षांच्या मुलीचं काही बिघडत नाही. मला काळजी वाटते ती ती कशी खाल्ली गेली याची. दार लावून, कान दाराकडे ठेवून, पटापट. असं खाताना धड चवही कळत नाही आणि पोट भरल्याचंही लक्षात येत नाही. मुलांच्या आहाराचं काम मी गेली २२ वर्षं करते आहे आणि दर सुट्टीनंतर कुणीतरी असे कागद सापडल्याचं सांगतंच. कपाटामागे, बुटांच्या खोक्यात, उशीच्या अभ्र्यात, कंपासपेटीत. कंपासपेटीतले माझ्याच मुलीचे होते. आहारतज्ज्ञ आईच्या घरात, रोज मोजून दिल्या जाणाऱ्या चॉकलेटांचे.

तर उत्तर: मर्यादा घालायची, पण नगांवर नाही. केव्हा खायचं आणि कुठे बसून खायचं हे तुम्ही ठरवा. किती खायचं ते या वयात त्यांच्यावर सोडा. आणि भेट मिळालेला डबा त्यांचा आहे, हे मुलाचं म्हणणं मान्य करून टाका. ते बरोबरच आहे.

मोजून देण्याची सवय आपल्याला मुलं लहान असताना लागते आणि तेव्हा ती चुकीची नसते. तीन वर्षांच्या मुलाला डबा देऊन कुणी बाजूला होत नाही. पण १५ वर्षांच्या मुलाच्या खिशात स्वतःचे पैसे असतात, शाळेबाहेर दुकान असतं, मित्रांचे डबे उघडे असतात. तुमचा 'दिवसाला दोन' हा नियम घराच्या उंबरठ्यापर्यंतच चालतो. तीन-चार वर्षांत तो शिक्षणासाठी कुठेतरी एकटा राहील. समोर गोड पडलेलं असताना आता पुरे, हे स्वतःच्या पोटाला विचारून ठरवणं त्याला तोपर्यंत जमायला हवं. त्याचा सराव घरातच, तुमच्या डोळ्यांसमोर झालेला बरा.

मनाईचा परिणाम काय होतो यावर बरंच काम झालेलं आहे. जेनिफर फिशर आणि लीअन बर्च या दोन अमेरिकन संशोधिकांचा १९९९ चा प्रयोग आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असतो. बालवाडीच्या वयाच्या मुलांना एक खाऊ हवा तेव्हा घेता येत होता आणि तसाच दुसरा खाऊ समोर दिसत असूनही थोडाच वेळ मिळायचा. मुलं त्या अडवलेल्या खाऊबद्दलच बोलत राहिली, तोच मागत राहिली, संधी मिळाली की त्याच्यावरच तुटून पडली. २००७ मध्ये नेदरलँड्समध्ये पाच-सहा वर्षांच्या मुलांवर असाच एक प्रयोग झाला. लाल रंगाचा खाऊ खायचा नाही, पिवळा चालेल, एवढंच सांगितलं होतं. बंदी उठल्यावर मुलांनी लाल खाऊ तुलनेने जास्त खाल्ला. दोन्ही प्रयोग लहान मुलांवरचे आणि थोड्या वेळाचे आहेत, त्यामुळे ते १५ वर्षांच्या मुलावर जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण मोठ्या मुलांच्या घरात मी जे पाहते त्याच्याशी ते जुळतात. फरक इतकाच की पाच वर्षांचं मूल मागत राहतं आणि १२ वर्षांचं मूल मागणं बंद करून लपवायला लागतं.

पण याचा अर्थ घरात कायम गोडाचा ढीग असावा असा होत नाही. जे सहज हाताशी असतं ते माणूस खातोच. मोठी माणसंही खातात. म्हणून मी पालकांना दोन गोष्टी वेगळ्या करायला सांगते. मुलांना मिळालेली भेट ही त्यांची. घरात काय विकत आणायचं हा निर्णय तुमचा. सुट्टी संपल्यावर नवे डबे आणू नका, त्याची घोषणा करू नका, कारणं देत बसू नका. घरात नसलेल्या गोष्टीवरून भांडण फारसं होत नाही. कपाटात कुलूप लावून ठेवलेल्या गोष्टीवरून मात्र रोज होतं.

आता आकड्यांकडे येऊ, कारण 'किती' हे तुम्ही स्पष्ट विचारलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस अशी की वरून घातलेली साखर, मध, सरबतं, फळांचे रस या सगळ्यांतून मिळणारी साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी. जमल्यास ५ टक्क्यांच्या खाली. २००० कॅलरींच्या आहारात १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम, साधारण १२ चमचे. दुधाच्या चॉकलेटमध्ये ढोबळमानाने निम्मी साखर असते. १० ग्रॅमच्या छोट्या चॉकलेटमध्ये ५ ग्रॅम, म्हणजे चमचाभर. तुमच्या नियमातली दोन चॉकलेटं म्हणजे १० ग्रॅम साखर. आणि कोलाच्या ३३० मिलीलीटरच्या एका कॅनमध्ये सुमारे ३५ ग्रॅम साखर असते.

हा हिशेब मी मुद्दाम मांडला. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत सणाच्या चॉकलेटवर युद्ध चालू असतं आणि फ्रीजमधल्या गोड पेयाच्या बाटलीकडे कुणी पाहतही नाही. ती बाटली वर्षभर असते. डबा पंधरा दिवसांत संपतो. मुलांच्या साखरेची खरोखरच काळजी असेल तर बाटलीपासून सुरुवात करा आणि ती घरातल्या सगळ्यांसाठीच बंद करा, फक्त मुलांसाठी नाही.

दातांबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण इथे 'दिवसाला दोन' हा नियम उलटा पडू शकतो. तोंडातल्या जिवाणूंना साखर मिळाली की काही मिनिटांत ते आम्ल तयार करतात. दातांवरच्या थराचा सामू (pH, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधली, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणातली, खनिजं विरघळू लागतात. मग लाळ हळूहळू ते आम्ल निवळवते. त्याला अर्धा तास ते तासभर लागतो. रॉबर्ट स्टीफन या अमेरिकन दंतशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात ही घसरण मोजून तिचा आलेख काढला. आजही दंतवैद्यकाच्या वर्गात तो त्याच्याच नावाने शिकवतात. त्या आलेखाकडे पाहिलं की कळतं, जेवणानंतर एका बैठकीत सहा चॉकलेटं खाल्ली तर दातांवर घसरण एकदा होते. तीच सहा दिवसभरात तासातासाने खाल्ली तर सहा वेळा. आणि वेगवेगळ्या वेळी खाल्लेल्या दोन चॉकलेटांनीही दोन वेळा.

स्वीडनमधल्या विपेहोल्म या संस्थेत मतिमंद रुग्णांवर केलेल्या अभ्यासातही हेच दिसलं होतं. त्याचे निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांच्या संमतीचा प्रश्नच तिथे कुणी विचारला नव्हता, आणि आज असा अभ्यास करायला कुणी धजावणार नाही. पण त्यातून कळलेली गोष्ट टिकून राहिली. जेवणासोबत खाल्लेल्या साखरेने दात जितके किडले, त्याहून कितीतरी जास्त ते दोन जेवणांच्या मधे चघळलेल्या चिकट टॉफ्यांनी किडले. म्हणून दातांना त्रास देणाऱ्या गोडांच्या माझ्या यादीत चॉकलेट खालच्या पायरीवर येतं; ते तोंडात विरघळून लवकर निघून जातं. चिकट टॉफी, चघळायच्या गोळ्या, तासभर गालात राहणाऱ्या कडक गोळ्या या जास्त त्रासाच्या. आंबट गोळ्यांमध्ये साखरेसोबत सायट्रिक आम्लही असतं, त्यामुळे त्या खाल्ल्यावर लगेच दात घासू नयेत. पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा-पाऊण तासाने घासावेत. दातांना तारा बसवलेल्या असतील तर चिकट आणि कडक, दोन्ही बाद. तिथे मी वाटाघाटी करत नाही.

यावरून 'केव्हा' आणि 'कुठे' हे दोन नियम आपोआप तयार होतात. गोड जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच, नाहीतर दुपारच्या खाण्याच्या वेळी. टेबलाशी किंवा जिथे घरातले सगळे खातात तिथे बसून. अंथरुणात नाही, रात्री दात घासल्यानंतर नाही, मोबाइल बघत डबा मांडीवर घेऊन नाही. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी कामाची ही विभागणी अनेक वर्षांपूर्वी मांडली: काय, केव्हा आणि कुठे हे पालकांकडे, आणि खायचं की नाही व किती हे मुलाकडे. सुट्टीतल्या गोडालाही त्यांनी हेच लावलं. पहिल्या दिवशी हवं तितकं खाऊ द्या; मूल वेळा पाळतंय असं दिसलं की डबा त्याच्याकडेच राहू द्या.

पहिल्या दिवसाची बहुतेक आईवडिलांना भीती वाटते. "तो सगळा डबा संपवेल." एखादा संपवतोही. मग मळमळतं, रात्रीचं जेवण जात नाही, आणि १५ वर्षांच्या मुलाला त्याचं कारण कुणी समजावून सांगावं लागत नाही. त्या वेळी "बघ, मी सांगत होते ना!" हे वाक्य तेवढं गिळून टाका. मला स्वतःला ते जमायला दोन सुट्ट्या लागल्या. ज्या घरांत आधी फार कडक मोजणी होती तिथे हा पहिला जोर एक दिवसाऐवजी चार-पाच दिवसही टिकतो. मूल खात्री करून घेत असतं की ही मोकळीक खरी आहे की उद्या परत काढून घेणार. त्या चार-पाच दिवसांत पालकांचा धीर सुटतो, डबा पुन्हा कपाटात जातो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून सुरू करायचं असेल तर पंधरा दिवस टिकवायच्या तयारीने करा. चॉकलेट नीट ठेवलं तर महिनोन्महिने टिकतं, ते लवकर संपवायची कुणालाच घाई नाही. वर पांढरट थर आला तर ती बुरशी असेल असं समजून फेकू नका. बहुतेक वेळा कोको बटर पृष्ठभागावर आलेलं असतं. चव जरा उतरते, अपाय काही नाही.

दोन भावंडांचा वेग वेगळा असणार. एक चार दिवसांत संपवेल आणि दुसरी महिनाभर पुरवेल. संपवणाऱ्याची भरपाई करू नका आणि पुरवणारीला "दादाला दे ना थोडं" असंही म्हणू नका. जिने राखून ठेवलं तिला त्याचा तोटा होतो हे एकदा कळलं, की पुढच्या वेळी तीही भराभर संपवते.

मुलाशी बोलायचं कसं? माझ्याकडे आलेल्या एका वडिलांनी घरी जाऊन जे सांगितलं ते मला आवडलं, तेच देते. "डबा तुझा. मी मोजणार नाही. जेवण झाल्यावर किंवा दुपारी, टेबलावर. खोलीत नाही. बाकी तुझं तू बघ." मुलाने विचारलं, "दहा खाल्ली तर?" वडील म्हणाले, "तर दहा." एवढंच संभाषण. डबा टेबलाशेजारच्या फळीवर, दोघांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावून. यात तुमच्या नवऱ्याचं 'सोडून दे'ही बसतं आणि तुमची शिस्तही. दोघांनी एकच वाक्य बोलायचं आधी ठरवून घ्या, नाहीतर मुलं बरोबर दोघांच्या मधली फट शोधतात.

जेवण मात्र नेहमीच्या वेळी आणि पोटभर हवं, हा यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. या वयात वाढीचा वेग जोरात असतो. १५ वर्षांच्या मुलाला भूक लागते ती खरीच असते, आणि सुट्टीत उशिरा उठणं, नाश्ता बुडणं, दुपारी काहीतरी तोंडात टाकणं असं झालं की ती भूक चॉकलेटवर भागते. मुलांना मोठ्या माणसांपेक्षा जास्त गोड आवडतं, ही नुसती खोड नाही. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेत ज्युली मेनेला यांनी यावर बरीच वर्षं काम केलं आहे. ही आवड पौगंडावस्थेच्या मध्यापर्यंत टिकते आणि मग ओसरू लागते. सकाळी अंडं, दूध, डाळ, काहीतरी प्रथिनांचं पोटात गेलं असेल तर दुपारी डब्याकडे जाणारा हात आपोआप कमी होतो. पोटभर जेवलेल्या मुलाशी झालेली चॉकलेटची भांडणं मला फार कमी आठवतात.

पालक नेहमी विचारतात ते काही किरकोळ प्रश्नही आहेत. साखरेने मुलं उधळतात हे खरं नाही. १९९४ मध्ये एका अभ्यासात आयांना सांगितलं गेलं की तुमच्या मुलाला साखर दिली आहे. प्रत्यक्षात कुणालाच दिली नव्हती, तरी त्या आयांना आपली मुलं जास्त चंचल वाटली. सुट्टीत मुलं उधळतात ती जागरणाने, गर्दीने आणि आनंदाने. गडद चॉकलेटमध्ये कॅफीन असतं, ७० टक्क्यांच्या वर कोको असलेल्या १०० ग्रॅममध्ये ढोबळ ८० मिलिग्रॅम, म्हणून ते रात्री नको. मुरुमांवर जास्त साखरेचा काही परिणाम होतो असे पुरावे आहेत, पण दोन आठवड्यांच्या चॉकलेटवर सगळा दोष ढकलू नका. या वयात मुरुमं येतातच. 'शुगर फ्री' मिठाई आणून सुटका होत नाही. त्यात साखरेऐवजी गोडीसाठी घातलेल्या सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉलने जास्त खाल्ल्यास पोट बिघडतं, आणि मुलं ती 'औषधी' समजून जास्तच खातात.

एक वाक्य मात्र घरातून हद्दपार करा, आणि त्यात मी आज्या-मावश्यांनाही धरते: "जाड होशील." १२ वर्षांच्या मुलीचं शरीर बदलत असतं, वजन वाढायलाच हवं असतं. वजनावरून केलेल्या टिप्पण्या आणि डाएट यांचा या वयात खाण्याच्या विकारांशी संबंध आहे, असं सांगत अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये डॉक्टरांना सल्ला दिला की घरात वजनाबद्दल बोलणं टाळा, एकत्र जेवणं वाढवा. "आज चॉकलेट खाल्लंस ना, मग उद्या पळून ये" हेही त्याच जातीतलं. अभ्यास केला म्हणून चॉकलेट आणि उद्धटपणा केला म्हणून जप्ती, हेही नको. त्याने चॉकलेटची किंमत उगाच वाढते.

काही मुलांना मात्र हे सगळं असंच लागू होत नाही. टाइप १ मधुमेह असलेलं मूल चॉकलेट खाऊ शकतं, पण कर्बोदकं मोजून आणि इन्सुलिनची मात्रा जुळवून. त्याचा आराखडा त्याच्या डॉक्टरांबरोबर सणाच्या आधीच ठरवा. सुकामेव्याची किंवा दुधाची ॲलर्जी असेल तर प्रत्येक पाकिटावरचं लेबल मुलाने स्वतः वाचायला शिकलं पाहिजे, कारण या वयात मित्रांसमोर 'मला चालत नाही' म्हणायची लाज वाटते. घरात कुत्रा असेल तर लपवलेलं चॉकलेट हा त्याच्या जिवाशी खेळ आहे. त्यातलं थिओब्रोमाइन कुत्र्याला बाधतं आणि गादीखालचं त्याला तुमच्या आधी सापडतं.

आणि कधी डबा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचं, तेही लिहिते. मूल वारंवार लपून, पोट दुखेपर्यंत खात असेल, खाल्ल्यावर लगेच बाथरूममध्ये जात असेल, दुसऱ्या दिवशी जेवण टाळून 'भरपाई' करत असेल, खाण्यावरून स्वतःची घृणा करत असेल, तर प्रश्न चॉकलेटचा राहिलेला नाही. सतत तहान, वारंवार लघवी आणि खात असूनही उतरणारं वजन दिसलं तर सुट्टी संपायची वाट न बघता त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या. टाइप १ मधुमेह चॉकलेट खाल्ल्याने होत नाही. पण सणाच्या गडबडीत त्याची लक्षणं 'गोड जास्त झालं असेल' म्हणून अंगावर काढली जातात, हे मी पाहिलं आहे.

तुमच्या मुलीच्या बाबतीत यातलं काही दिसत नाही. आठ-दहा कागद, एकदा, आणि 'दिवसाला दोन'चा नियम. ते कागद उचलून कचऱ्यात टाका. चौकशी नको, "खरं सांग" नको. तिचा डबा तिच्यासमोर फळीवर ठेवा आणि सांगा की दोनचा नियम माझाच चुकला, आता आपण असं करू. माझ्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने कंपासपेटीतून उरलेली तीन चॉकलेटं काढली, डब्यात टाकली आणि विचारलं, आत्ता जेवण झालंय, तर यातलं एक घेऊ का? मी म्हटलं, विचारू नकोस.